थुंकी नाही, बेडका

२०१६ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि आता आपल्याला कोणी काही शिकवायचं राहिलेलं नाही, अशी माझी पक्की खात्री होती. शाळा चौथीतच सुटली. पण नोकरी सरकारी लागली, तालुक्याच्या दवाखान्यात शिपाई म्हणून, आणि तिथं सव्वीस वर्षांत मी आजारपणाची एकही रजा काढली नव्हती. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. गावाचं नाव लिहीत नाही. अकोला आणि अमरावती यांच्या मधलं आहे, तेवढं पुरे. यातली माणसं अजून आहेत आणि प्रत्येकाला आपापली इज्जत आहे.

त्या उन्हाळ्यात मला वॉर्डातून काढून लॅबमध्ये टाकलं. लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाची एक खोली. एक ओटा, एक नळ, एक दुर्बीण (सूक्ष्मदर्शकाला आम्ही दुर्बीणच म्हणतो), आणि बाहेर कडुनिंबाचं झाड. ज्यांच्यावर टीबीचा संशय असे ती माणसं खिडकीशी येत. मी त्यांना झाकणाची प्लास्टिकची डबी देई आणि सांगे, यात थुंकून आणा. खिडकीवरच्या पाटीवरही तेच होतं, थुंकी तपासणी. पाटी सरकारनं लिहिली होती, मी ती वाचली होती. त्यात चुकण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

मग जुबेदाबाई बदलून आल्या.

माझ्याहून वर्षभरानं लहान. उंच, हडकुळ्या, चष्म्याला मागून काळा दोरा बांधलेला. सकाळी अकोल्याहून एस.टी.नं येत, बुरखा दाराआडच्या खिळ्याला टांगत, ॲप्रन चढवत आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीतून हलत नसत. त्यांच्या बोटांची टोकं कायम गुलाबी असत. काचपट्टीवर टीबीचा जंतू दिसावा म्हणून जो लाल रंग ओततात, तो नखात शिरला की निघत नाही. नर्सा हसत, तर त्या म्हणत, मेंदी समजा, माझी बारा महिने ईद हाय.

पहिल्या दिवशी त्यांनी आधी काही विचारलं नाही. मी गोळा केलेल्या दहा डब्या त्यांनी ओट्यावर मांडल्या, एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आणि सात डब्या बाजूला सारल्या. माझे भाऊ बाजारात भाजीचा माल असाच पाहतात, त्यामुळे मला बाईंचा राग आला आणि थोडा विश्वासही वाटला.

"भाऊ, हे काय हाय?"

"थुंकी."

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि मार्कर घेऊन बाहेर गेल्या. पाटीवरच्या थुंकी या शब्दावर त्यांनी काट मारली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, बेडका.

डॉक्टरसाहेब तरुण होते, नाशिककडचे. आमची बोली त्यांना आधीच अंगावर आल्यासारखी वाटायची. पाटी पाहून त्यांचं तोंड कसंनुसं झालं. सरकारी दवाखान्यावर हा कसला शब्द, पुसून टाका, असं त्यांनी मला सांगितलं. मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा साहेब स्वतः लॅबमध्ये आले. बाई दुर्बिणीतून वर न पाहता म्हणाल्या, "साहेब, थुंकी तोंडात रायते. बिमारी छातीत हाय. तोंडाची पाटी लावली तर छातीतली बिमारी कशी सापडन?"

साहेब तसेच परत फिरले. त्याच आठवड्यात एक हमाल आला, ज्याचा रिपोर्ट आधी दोनदा निल गेला होता. बाईंनी त्याला कडुनिंबाखाली नेऊन खरा बेडका काढायला लावला. काचपट्टीवर जंतूच जंतू. बाईंनी साहेबांना बोलावून दुर्बिणीत पाहायला लावलं. साहेब बराच वेळ पाहत राहिले. तेव्हापासून पाटी पुसायला मला कोणी सांगितलं नाही. त्या हमालाला आधी दोनदा डबी देऊन थुंकून आण म्हणणारा मीच होतो. हे तिथं कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

बेडका काढायला शिकवणं हे बाईंच्या मते अर्धी तपासणी होती. आणि ते झाडाखालीच, मोकळ्या हवेत. माणसाला वारा जिकडे वाहतो तिकडे तोंड करून उभं करत आणि स्वतः त्याच्या मागे उभ्या राहत. तोंड साध्या पाण्यानं खळखळून धुवा. दोन लंबे श्वास घ्या, आत ठेवा, सोडा. तिसऱ्याला पोटातून खोका. मग स्वतः करून दाखवत. तो आवाज एवढा मोठा की पलीकडच्या झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक मान वळवून पाही. बाईमाणसाला असा आवाज काढताना मी कधी ऐकलं नव्हतं. पहिले काही दिवस मी आत जाऊन उगाच बाटल्या हलवत बसे.

गरीब माणसं पटकन शिकत. अडचण व्हायची ती सभ्य माणसांची. एक रिटायर्ड हेडमास्तर आले होते, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. तीन वेळा त्यांनी डबी आणली आणि तिन्ही वेळा आत पाण्यासारखी स्वच्छ लाळ. बाईंनी डबी उजेडात धरली आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, "गुरुजी, यानं पोस्टाचं तिकीट चिकटते. बिमारी नाही सापडत." हेडमास्तर लाल झाले. पण चौथ्या वेळी झाडामागे जाऊन, सगळ्या जगाकडे पाठ करून, त्यांनी जे आणलं त्यात निघालं. पुढे सहा महिने गोळ्या घेऊन ते बरे झाले आणि बाईंसाठी पेनची पेटी घेऊन आले. बाईंनी पेटी मला दिली. म्हणाल्या, मार्कर आणला असता तर ठेवला असता.

आता शंभर शेतांची गोष्ट. यात मी हसण्यासारखा झालो, पण लिहितो.

बाई दुर्बिणीला डोळा लावून बसल्या की कोणाशी बोलत नसत. एकदा साहेबांचा फोन आला. त्यांनी हातानंच मला सांगितलं, थांबायला सांग. मी विचारलं, किती वेळ? तर म्हणाल्या, अजून साठ शेतं राहिली. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सांगत होत्या, शंभर शेतं फिरल्याशिवाय मी सही करत नाही. मी घरी जाऊन बायकोला, कमलला सांगितलं की नवीन बाईची शंभर शेतं आहेत आणि तरी बिचारी एस.टी.नं येते. कमलनं ते शेजारणीला सांगितलं. आठ दिवसांत दवाखान्यातला कंपाउंडर बाईंना विचारायला आला की यंदा तुरीसाठी एखादं शेत ठोक्यानं, म्हणजे खंडानं, देता का.

बाई हसल्या नाहीत. मला खुर्चीवर बसवलं आणि दुर्बिणीत पाहायला लावलं. आधी मला माझ्याच पापण्यांचे केस दिसले. मग काळोख. मग त्यांनी एक गोल फिरवला आणि निळं काहीतरी वर आलं. ते जे गोल निळं दिसतं, त्याला फील्ड म्हणतात, त्या म्हणाल्या. फील्ड म्हणजे शेत. काचपट्टी जराशी सरकवली की दुसरं शेत. असं शंभर वेळा. एका शेतात नाही म्हणून गावात नाही, असं म्हणता येत नाही.

काचेवर तेलाचा एक थेंब टाकून भिंग त्यात टेकवतात. तेलाशिवाय उजेड फाकतो आणि एवढा बारीक जीव दिसत नाही. पाहता पाहता मला ते दिसलं. निळ्या लुगड्यावर शिवताना लाल दोऱ्याचे बारीक तुकडे पडावेत, तसं. कुठं एक, कुठं दोन जोडून. जरा वाकडे.

"हे जितं हाय?" मी विचारलं.

"होतं. रंगवाच्या आधी जाळलं ना आपण."

जंतूच्या अंगावर मेणासारखं काही असतं, म्हणून आधी तापवून लाल रंग आत घालतात. मग वरून ॲसिड ओतलं की बाकी सगळ्याचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. नंतर निळा रंग देतात, तो बाकीच्यांना लागतो. बाईंचं आवडतं वाक्य होतं, ॲसिड टाकलं तरी रंग सोडत नाही, नामदेवभाऊसारखा अडेल हाय. हे त्या सगळ्यांसमोर म्हणत. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

काही नमुने अमरावतीच्या मोठ्या लॅबला जात, कल्चरसाठी. ते नेण्याचं काम माझं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसे. दर वेळी तोच कंडक्टर विचारी, काका, आज श्रीखंड का आम्रखंड? मी म्हणे, तुझ्या सासूसाठी हाय, उघडून पाय. तो डबा जड नव्हता, पण त्या दोन तासांत पाठ धरून जाई. परत येताना ऊन तोंडावर. घरी पोचलो की बोलावंसं वाटत नसे.

एकदा मी कावलो. कल्चरचा रिपोर्ट यायला सहा-सात आठवडे लागत आणि पेशंटचे लोक माझ्या खिडकीशी येऊन माझ्यावर चिडत. मी बाईंना विचारलं, हे कल्चर कल्चर म्हणजे आहे तरी काय? त्या म्हणाल्या, विरजण. दुधात चमचाभर दही टाकता, सकाळी भांडं भरून दही होते, म्हणजे चमच्यातले जंतू दुधात वाढले. तसंच हे. यालेही खुराक देतात, अंड्याचा, हिरवा, बाटलीत तिरपा जमवलेला. तेवढ्याच उबेत ठेवतात जेवढी माणसाच्या अंगात असते. फक्त दह्याचे जंतू घाईचे, हा सुस्त. रात्रभरात काहीच करत नाही. म्हणून त्याला महिने लागतात, आणि म्हणून माणसाच्या अंगातही तो महिनोनमहिने गुपचूप बसतो.

मी म्हणालो, दुर्बिणीत दिसतेच तर मग विरजण कायले लावता?

तेव्हा त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाल्या, "दुर्बिणीत मेलेलंही दिसते, जितंही दिसते. विरजण फक्त जित्याचं लागते."

रोग कसा फिरतो यावर त्या थोडं बोलत, पण तेच तेच बोलत. चांदूर बाजारकडून सून-सासू आल्या होत्या. सुनेला टीबी निघाला होता. सासू अभिमानानं सांगत होती, हिची ताटली वेगळी केली, पेला वेगळा केला, चादर वेगळी केली, पोराला हिच्या हातचं खाऊ देत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, झोपते कुठं? तर म्हणे, आमच्याच खोलीत, थंडी आहे म्हणून खिडकी लावून घेतो. बाई म्हणाल्या, ताटलीनं नाही होत हो माय, खोकल्यानं होते. खोकल्याचा बारीक बारीक शिडकावा हवेत उडते, बंद खोलीत तो तसाच तरंगत रायते. ताटल्या एक करा अन् खिडकी उघडा. सासूला ते पटलं नाही. ती माझ्याकडे पाहू लागली, जणू मी काही वेगळं सांगेन. मी सांगितलं, बाई सांगतात तसंच करा. हे सांगताना मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता माझं.

२०१८च्या दिवाळीनंतर मला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. भूक कमी झाली, पट्टा एक भोक आत गेला. माझ्या डोक्यावरच भिंतीला कागद चिकटवलेला होता, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास तपासणी करून घ्या. तो मीच चिकटवला होता. त्याच्याखाली बसून मी खोकत होतो. शिपायाची नोकरी साठपर्यंत, त्यामुळे रिटायर व्हायला माझं वर्ष राहिलं होतं. एवढी वर्षं रजा नाही, औषध नाही, आणि आता जो दुसऱ्यांना डब्या वाटतो त्यालाच निघाला, असं गावानं म्हणावं? मी ठरवलं, मला काही झालेलं नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

कमलला तेव्हा शुगर होती, आताही आहे. शुगरवाल्याला हा रोग लवकर धरतो, हे मी बाईंच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं होतं. ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. आमच्या खोलीची खिडकी थंडीची बंद असायची. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी एक खिडकी उघडली नाही, कारण उघडली असती तर ती विचारती, का.

बाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली होती. चौदा टिंबं झाली त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर डबी ठेवली.

"हे कायले?" मी म्हणालो. "धुळीचा खोकला हाय. कापसाचा सीझन हाय, जिनिंगमधून रुई उडते. साऱ्या गावाले हाय."

रुई म्हटल्यावर त्या खाली बसल्या. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली, जी त्यांनी दवाखान्यात कोणाला सांगितली नव्हती.

वडील पिंजारी होते. घरोघरी जाऊन गाद्या-रजया भरायचे. कापूस पिंजायच्या धनुकलीची तार वाजायची आणि कापूस छतापर्यंत उडायचा. ते कायम खोकायचे आणि सगळे म्हणायचे, रुईचा खोकला. बाई तेव्हा नुकत्याच लॅबच्या कामाला लागल्या होत्या. त्यांनीच वडिलांना तपासायला नेलं. वडील फार अदबीचे. पोरीसमोर खाकरणं त्यांना शोभत नव्हतं. डबीत त्यांनी तोंडातली थुंकी दिली, तोंडाला रुमाल लावून. बाईंनी स्वतः पाहिलं आणि स्वतःच्या हातानं निल लिहिलं. तीनदा. कागदावर थुंकी मागितली होती आणि थुंकी मिळाली होती, त्यामुळे कोणाचं काही चुकलं नव्हतं. रोग कळला तेव्हा एक फुप्फुस गेलं होतं. मग धाकट्या भावालाही निघाला. भाऊ वाचला. वडील नाही वाचले.

एवढं सांगून त्या उठल्या आणि डबी माझ्या खिशात सरकवली. "सकाळचा आणा. पहिला."

मी सकाळी आणला. पण मी काय केलं ते सांगतो. साऱ्या तालुक्यात थुंकी आणि बेडका यांतला फरक जर कोणा चौथी शिकलेल्याला कळत असेल, तर तो मला. आणि मी जाणूनबुजून थुंकी आणली. तोंडात लाळ जमवली, दोनदा थुंकलो, थोडी घट्ट दिसावी म्हणून आधी चूळही भरली नाही. बाकीच्या डब्यांमध्ये माझी डबी मिसळून ठेवली आणि बाटल्या धुवायला लागलो.

बाईंनी माझी काचपट्टी शेवटी घेतली. मी पाठमोरा होतो, पण मला दुर्बिणीच्या चाकाचा आवाज कळायचा. त्या शंभर शेतं फिरल्या. मग थोडं थांबून पुन्हा सुरुवातीपासून फिरल्या.

"काही नाही निघालं," त्या म्हणाल्या.

"मी सांगतलं होतं."

"निघालं नाही म्हटलं. हायच नाही, असं नाही म्हटलं." त्यांनी चष्मा काढून ॲप्रनला पुसला. "तोंडातल्या कातडीचे पापुद्रे दिसून राहिले नुसते. मोठे, चपटे. गाल तुमचा मस्त हाय नामदेवभाऊ. छाती मले पाहू देत नाही तुमी."

मी बाटली धूत राहिलो. नळ चालू ठेवला.

"साहेबाले सांगू?"

"सांगा."

त्यांनी मान हलवली. "सांगून काय होते. जबरदस्तीनं थुंकीच येते. बेडका नाही येत."

रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे त्यांनी निल लिहिलं नाही. लिहिलं, लाळ, नमुना पुन्हा घेणे. दोन-अडीच वर्षांत तसा शेरा लिहिताना त्यांनी प्रत्येक माणसाला आणि मला, दोघांनाही झापलं होतं. त्या दिवशी आवाज चढला नाही. त्याचाच मला त्रास झाला. दुसऱ्या दिवशी माझा स्टूल खोलीतून उचलून बाहेर झाडाखाली ठेवलेला होता, त्यावर एक मास्क आणि एक रिकामी डबी. मी मास्क लावला. डबी संध्याकाळी कपाटात परत ठेवली. पुढच्या सकाळी डबी पुन्हा स्टुलावर. मी पुन्हा कपाटात. हे रोज चाललं. त्या विचारत नव्हत्या, मी सांगत नव्हतो. दोघंही थकलो होतो, पण हटत कोणीच नव्हतं.

तशात त्यांना अठ्ठावन्न पुरी झाली आणि रिटायरमेंटचा दिवस आला, डिसेंबरच्या शेवटी. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, चांगलं बोलले. पाटीची गोष्टही त्यांनीच हसत सांगितली आणि बेडका हा शब्द सगळ्यांसमोर माईकवरून उच्चारला. मग म्हणाले, नामदेव, तू बाईंचा खास माणूस, चार शब्द बोल. मी दाराबाहेर होतो. बोलायला गेलो तर खोकला आला आणि तो थांबेना. लोकांनी तो भरून आल्याचा समजला आणि टाळ्या वाजवल्या. ते चार शब्द राहिले ते राहिलेच. हे जे लिहिलं ते त्याच हिशेबात धरा.

स्टँडपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. त्या पुढे, मी मागे, चार हात अंतर ठेवून. ते अंतर त्यांनी राखलं का मी, मला आठवत नाही. अकोल्याची गाडी लागलेली होती. त्यांनी पर्समधून डबी काढली. झाकणावर मार्करनं माझं पूर्ण नाव होतं, वय एकोणसाठ, आणि खाली लिहिलं होतं, सकाळचा.

"तारीख नाही टाकली," त्या म्हणाल्या. "ते तुमी टाका."

मी डबी घेतली.

"वहिनी कुठं झोपते घरात?"

मी डबी खिशात घातली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि गाडीत चढल्या. उजव्या बाजूला मधल्या सीटवर बसल्या. खिडकीची काच अडकली होती. त्यांनी दोन्ही हातांनी वर ढकलली, ती गुलाबी टोकांची बोटं काचेवर पांढरी पडलेली मला खालून दिसली. मागच्या सीटवरचा मफलरवाला ओरडला, बाई, थंडी वाजून राहिली, बंद करा. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. काच सरकली. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, काच पुन्हा खाली घसरू नये म्हणून तिला हातानं धरून बसल्या होत्या. तशाच गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कमल उठायच्या आधी, मी आमच्या खोलीची खिडकी उघडली. ती गारव्यानं जागी होऊन विचारू लागली, का. मी सांगितलं. मग मागच्या अंगणात गेलो. साध्या पाण्यानं तोंड धुतलं. दोन लंबे श्वास घेतले. तिसऱ्याला पोटातून खोकलो, एवढा मोठ्यानं की शेजारच्यांचं कुत्रं उठून उभं राहिलं. डबीवर तारीख टाकली. दवाखान्यात मागच्या दारानं गेलो नाही. समोरून गेलो आणि खिडकीशी रांगेत चौथा उभा राहिलो. पुढच्या तिघांनी मला ओळखलं, सरकून जागा देऊ लागले. मी घेतली नाही.

खिडकीत बदलीवर आलेल्या नवीन मॅडम होत्या. त्यांनी माझा गणवेश पाहिला, मग डबी पाहिली.

"थुंकी का काका?"

"थुंकी नाही," मी म्हणालो. "बेडका हाय. माझाच हाय."